थांबलेले विष

डोंगरांच्या मधोमध आंबेघर नावाचे खोरे होते. खोऱ्याच्या तोंडाशी एक लहानसे शहर होते, आणि त्या शहरात अच्युत ढमढेरे नावाचा एक शास्त्रज्ञ राहत होता. तो सापाच्या विषावर संशोधन करत असे.

आंबेघरात भाताची खाचरे होती, आणि खाचरांच्या बांधांत घोणस होती. दर पावसाळ्यात ती कुणाला ना कुणाला चावायची. शहरातल्या सरकारी दवाखान्यात विषावरचे इंजेक्शन मिळे. ते वेळेत मिळाले तर माणूस वाचे. पण खोऱ्यातून दवाखाना गाठायचा म्हणजे घाट उतरायचा, पूल ओलांडायचा, आणि पावसाळ्यात दोन्हींचा भरवसा नसे. म्हणून अच्युतने ठरवले, की साप चावल्याबरोबर जागच्या जागी घेता येईल अशी गोळी करायची. हेतू चांगला होता. त्या हेतूपायी त्याने आपले सारे तरुणपण घातले.

विष काय करते, हे समजायला अवघड नाही. आपले शरीर बारीक पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीभोवती मेदाचा एक पातळ पापुद्रा असतो. हा पापुद्रा भिंतीसारखा घट्ट नसतो. त्यातले मेदाचे कण सतत इकडून तिकडे सरकत असतात. त्यांच्यात बसलेली प्रथिनेही सरकतात, पेशीला हवे ते आत घेतात आणि नको ते बाहेर टाकतात. ही ये-जा नीट चालू आहे तोवर पेशी जिवंत असते.

घोणशीच्या विषात एक विकर असते, ज्याला डॉक्टर एन्झाइम म्हणतात. ते पापुद्र्यावर उतरते आणि मग सुटत नाही. पापुद्र्यावरून सरकत जाते आणि वाटेत येणारा एकेक मेदकण कापत जाते. कापलेले तुकडे तिथेच राहतात, आणि त्यांच्यामुळे पापुद्रा सैल पडतो. सैल पापुद्र्यावर विकर आणखी वेगाने फिरते, आणखी कापते. म्हणून सुरुवातीला बराच वेळ काहीच बिघडलेले दिसत नाही. मग एकाएकी सगळे फुटते. पेशीतले बाहेर वाहते, बाहेरचे आत शिरते, आणि कुठलीच ये-जा ताब्यात राहत नाही.

अच्युतने असे औषध शोधले होते, की जे त्या विकराला घट्ट चिकटून त्याचे कापणे बंद पाडेल. ते तपासायला तो मेदाचे सूक्ष्म फुगे करत असे. फुग्यांच्या आत चमकणारा हिरवा रंग भरलेला असे, आणि सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर प्रत्येक फुगा ठिपक्यासारखा दिसे. त्यावर विष सोडले की फुगे फुटत आणि रंग सगळीकडे पसरे. औषध घालून विष सोडले, तेव्हा फुगे शाबूत राहिले. तासभर राहिले. अच्युतच्या डोळ्यांत पाणी आले.

त्याच्याबरोबर नजमा मुजावर नावाची शास्त्रज्ञ काम करत होती. वयाने लहान, पण कामाला पक्की. ती म्हणाली, "सर, ही खोली गार आहे. माणसाचं अंग गार नसतं. उबेत मेद जास्त सैल असतो. अंगाच्या उबेत एकदा करून बघू या. आणि तासाभरानं बंद नको करायला, चालू ठेवू या."

"ठेवू," अच्युत म्हणाला. त्याला भीती वाटत नव्हती.

त्यांनी तसे केले. पहिला तास फुगे शाबूत राहिले. दुसराही गेला. अच्युत जेवून आला, तरी पडद्यावरचे ठिपके जसेच्या तसे होते. तो हसून म्हणाला, "झालं समाधान?" नजमाने प्रयोग चालूच ठेवला. दुपार कलली, आणि एका कोपऱ्यातला फुगा फुटला. मग त्याच्या शेजारचा. मग दोघांच्या डोळ्यांदेखत सगळा पडदा हिरवा झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा करून पाहिले. पुन्हा तेच झाले. औषधाने बहुतेक विकर जखडले होते, पण सगळे नाही. उरलेले थोडे सावकाश कापत राहिले होते. पापुद्रा आतून सैल होत होता, आणि वरून काहीच दिसत नव्हते.

"सर," नजमा म्हणाली, "आपल्या गोळीनं विष थांबत नाही. लांबतं."

अच्युतने पडदा बंद केला. मग म्हणाला, "लांबलं तरी पुरे आहे. तेवढ्या वेळात माणूस दवाखान्यात पोचतो."

"मग तसंच लिहू या. गोळीनं थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात दवाखाना गाठा."

"असं लिहिलं तर गोळी वाटायला परवानगी कोण देईल? म्हणतील, अजून काम करा. अजून कितीतरी वर्षं जातील. तोवर खोऱ्यात माणसं मरतच राहतील, नजमा. वेळ मिळाला तर त्यातली निम्मी वाचतील. एका शब्दासाठी ती मारायची का?"

 नजमाला वाटले, सर इतकी वर्षे या कामात आहेत, त्यांना जास्त कळत असेल. आणि ते म्हणत होते त्यात काही खरेही होते.

अच्युतने अहवाल लिहिला. त्यात गार खोलीतला प्रयोग होता. उबेतल्या प्रयोगाचा पहिला भाग होता, फुगे शाबूत होते तेवढाच. खाली त्याने लिहिले, 'या औषधाने विष थांबते.' अहवालावर त्याने सही केली आणि कागद नजमापुढे सरकवला. तिनेही सही केली. का केली, हे तिला नंतर कधीच नीट सांगता आले नाही.

परवानगी मिळाली. आंबेघर खोऱ्यात गोळी वाटून बघायचे ठरले. भातलावणीच्या आधी शाळेच्या पटांगणात सभा भरली. सगळे खोरे लोटले. अच्युतने गोळी हातात धरून दाखवली. साप चावल्यावर कशी घ्यायची, ते समजावून सांगितले. बायका पुढे सरकून ऐकत होत्या, कारण वाकून लावणी त्याच करत होत्या.

धोंडिबा गायकर नावाचा एक म्हातारा उठून उभा राहिला. त्याच्या डाव्या पायाला जुन्या दंशाची खूण होती. तो दवाखान्यातल्या इंजेक्शनावरच वाचला होता. त्याने विचारले, "साहेब, गोळी घेतल्यावर दवाखान्यात जायचं का न्हाई?"

"जायचं," अच्युत म्हणाला. मग त्याने लोकांकडे बघितले. सगळ्यांचे चेहरे उजळलेले होते. त्यांच्यापुढे हात जोडून तो म्हणाला, "पण मी तुम्हाला विनवून सांगतो, आता घाबरून जीव धोक्यात घालून पुरातून पळू नका. गोळी घ्या. विष थांबलेलं असेल. सवडीनं या."

नजमा त्याच्या मागेच उभी होती. तिने एकदा तोंड उघडले आणि मिटले.

धोंडिबाचा पुतण्या म्हादू. त्याची बायको सगुणा. दोघांना यमू नावाची एक मुलगी होती. सगुणा बोलकी होती, कामाला चपळ होती, आणि लावणी करताना तिच्या हाताची बरोबरी कुणाला करता येत नसे. त्या पावसाळ्यात, सकाळची न्याहारी करून ती खाचरात उतरली. बांधावरून रोपाची मूठ उचलताना तिला घोणस चावली.

म्हादूने साप पाहिला. तो धावत घरी गेला, गोळी आणली आणि तिला दिली. बायका गोळा झाल्या. सगुणाचा पाय थोडा सुजला आणि सूज तिथेच राहिली. दुखणेही बेताचे होते. सगळ्यांनी एकमेकींकडे बघितले. मागच्या वर्षी अशाच दंशाने एकाचा पाय मांडीपर्यंत काळा पडलेला त्यांनी पाहिला होता.

शेजाऱ्याची जीप होती. तो म्हणाला, "म्हादू, बस. सोडतो दवाखान्यात. पूल अजून पाण्याखाली गेला न्हाई."

म्हादूने सगुणाकडे बघितले. ती म्हणाली, "अवो, रोप उपटून पडलंय. आज लागलं न्हाई तर सडून जाईल. साहेब काय म्हणाले, आठवतंय न्हवं? थांबतंय म्हणाले. उद्या जाऊ सवडीनं."

"नक्की?" म्हादूने विचारले.

"मला काय झालंय? बोलतेय न्हवं मी तुमच्याशी?"

जीप गेली. सगुणा बांधावर पाय पसरून बसली आणि बायकांना तिथून हाताने दाखवत राहिली. कुणाची ओळ वाकडी गेली की ओरडायची. दुपारी तिने भाकरी खाल्ली. संध्याकाळी यमूची वेणी घातली. सगळ्या आळीत बोलबाला झाला, की गोळीने सगुणा वाचली.

पहाटे ती उठली तेव्हा तिच्या हिरड्यांतून रक्त येत होते. तिने चूळ भरली, ती लाल झाली. पुन्हा भरली, पुन्हा लाल. मग तिला लघवीला झाले, त्यातही रक्त होते. तिने म्हादूला हाक मारली. "अवो, हे थांबंना," ती म्हणाली. त्यानंतर तिला नीट बोलता आले नाही.

तोवर पूल पाण्याखाली गेला होता. म्हादूने आणि शेजाऱ्यांनी तिला झोळीत घालून वरच्या वाटेने नेले. दवाखान्यात पोचले तेव्हा ती जिवंत होती. डॉक्टरांनी इंजेक्शने दिली. पण रक्त गोठत नव्हते आणि मूत्रपिंडे बंद पडली होती. डॉक्टर म्हादूला म्हणाले, "काल का नाही आणलंत?"

सगुणा त्याच रात्री गेली.

तिचा भाऊ आला. त्याने बहिणीचे तोंड बघितले आणि मग म्हादूला सगळ्यांसमोर विचारले, "जीप दारात उभी होती म्हणतात. खरं का?"

"व्हय," म्हादू म्हणाला.

"आणि तू नेलं न्हाईस."

"ती म्हणाली..."

"ती म्हणाली! तिला साप चावला होता. तुला चावला होता का?"

 सगुणाचे दिवस झाल्यावर मेव्हणा यमूला घेऊन गेला. जाताना म्हणाला, "जो बायकोला सांभाळू शकला न्हाई, तो पोरीला काय सांभाळणार?" म्हादूने अडवले नाही. त्याला ते पटले होते.

अच्युतला बातमी कळली. तो आणि नजमा आंबेघरात गेले. म्हादू ओट्यावर बसला होता. त्याने बरेच दिवस दाढी केली नव्हती. धोंडिबा जवळ बसून होता.

म्हादू उठला आणि अच्युतच्या पायाशी बसला. "साहेब," तो म्हणाला, "गोळी मी लगीच दिली होती. पाण्याबरोबर दिली, सांगितली तशी. मग माझं चुकलं कुठं?"

या क्षणी अच्युतला सगळे सांगता आले असते. एकच वाक्य पुरे होते. चूक तुझी नाही, माझी आहे. त्याने म्हादूकडे बघितले. ओट्याखाली उभ्या लोकांकडे बघितले. त्याला आपली प्रयोगशाळा आठवली, सभा आठवली, टाळ्या आठवल्या.

तो म्हणाला, "कधी कधी साप जास्त विष ओकतो, म्हादू. मग कुणाचाच इलाज चालत नाही."

"म्हंजे गोळीचा दोष न्हाई."

अच्युत गप्प राहिला.

"म्हंजे मीच," म्हादू म्हणाला. "जीप उभी होती."

परतताना गाडीत नजमा रडत होती. ती म्हणाली, "सर, तो माणूस स्वतःला खुनी समजतोय. आता तरी सांगा."

"आता सांगितलं तर लोक उरलेल्या गोळ्या फेकून देतील."

"फेकू देत."

"आणि ज्यांचा जीव त्या वेळामुळं वाचला असता, त्यांचं काय? हंगाम संपू दे. मग मी स्वतः अहवाल दुरुस्त करतो. शब्द देतो तुला."

नजमाने डोळे पुसले. ती दुसऱ्यांदा गप्प बसली.

हंगाम संपायच्या आत घोणस पुन्हा चावली. गुरे राखणाऱ्या एका बाईला. तिनेही गोळी घेतली, तिलाही बरे वाटले, आणि तीही दवाखान्यात उशिरा पोचली. ती सगुणापेक्षा वयाने मोठी होती. जाण्यापूर्वी तिचे हाल जास्त झाले.

त्या दिवशी नजमाने अच्युतची परवानगी मागितली नाही. तिने फक्त सांगितले, "मी आंबेघरात चालले आहे. तुम्ही आलात तर बरं होईल. नाही आलात तरी मी सांगणार आहे." अच्युत मुकाट्याने उठला आणि तिच्याबरोबर गेला.

पुन्हा शाळेच्या पटांगणात लोक जमले. या वेळी अच्युतने काहीही लपवले नाही. गोळीने विष थांबत नाही, थोडा वेळ लांबते, हे सांगितले. लांबते म्हणूनच माणूस फसतो, हेही सांगितले. नजमा म्हणाली, "मलाही माहीत होतं. मीही सही केली."

लोकांनी आरडाओरडा केला असता तर बरे झाले असते. पण कुणी ओरडले नाही. म्हादू मागे उभा होता, तो पुढे आला.

"हे कधी कळलं होतं तुमास्नी?" त्याने विचारले.

"सभेच्या आधी," अच्युत म्हणाला.

"आणि माझ्या घरी आला होतात तवा?"

"तेव्हाही माहीत होतं."

 म्हादूच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादे अवघड गणित सुटल्यावर माणूस दिसतो तसा तो दिसत होता. मग तो वळला आणि घरी गेला.

अच्युतची नोकरी गेली. अहवाल रद्द झाला. मेव्हण्यालाही खरे कळले. तो यमूला घेऊन आला आणि म्हादूच्या गळ्यात पडून रडला. म्हादूने त्याला पाणी दिले. यमू घरी राहिली, पण एवढ्या महिन्यांत ती मामीला आई म्हणायला शिकली होती. रात्री झोपेत ती मामीलाच हाक मारायची.

अच्युतला वाटले, उशिरा का होईना, आपण खरे बोललो. आता जे व्हायचे ते आपले होईल, लोकांचे नाही. ही त्याची आणखी एक चूक होती.

पुढच्या पावसाळ्यात धोंडिबाला घोणस चावली. तो गोठ्यातून गवत ओढत होता. पूल मोकळा होता, जीप दारात होती, दवाखान्यात इंजेक्शन होते. आंबेघरात आजवर कुणालाही मिळाली नव्हती इतकी चांगली संधी म्हाताऱ्याला होती. पण शहरातल्या औषधावर आता खोऱ्याचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून त्याला कुणी दवाखान्यात नेले नाही. पलीकडच्या वाडीतल्या मांत्रिकाकडे नेले. मांत्रिकाने लिंबू कापले आणि पायाला धागा बांधला.

अच्युतला कळले तसा तो धावत सुटला. नजमा दवाखान्याची रुग्णवाहिका घेऊन आली. मांत्रिकाच्या अंगणात म्हातारा घोंगडीवर पडला होता. पाय फुगून तकतकीत झाला होता. उशाशी म्हादू बसला होता.

"म्हादू, उचल त्यांना," अच्युत म्हणाला. "अजून वेळ आहे. हे गोळीसारखं नाही. इंजेक्शन खरं औषध आहे. तुझे काका त्याच्यावरच एकदा वाचलेत, त्यांनाच विचार!"

धोंडिबा शुद्धीत होता.  त्याने पुतण्याकडे बघितले.

अच्युतने हात जोडले. "मी विनवतो तुला. तुझ्या पाया पडतो."

म्हादू त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, गोळी दिली तवाबी तुम्ही असेच हात जोडले होते."

"तेव्हा मी खोटं बोललो. आत्ता खरं बोलतोय."

"आमी कसं वळखायचं?"

 जगातल्या कुठल्याही प्रयोगात या प्रश्नाचे उत्तर मिळाले नसते. अच्युत तिथेच मातीत बसला.

मग नजमा पुढे झाली. ती म्हादूशी काही बोलली नाही. ती म्हाताऱ्याजवळ बसली आणि म्हणाली, "बाबा, मागच्या खेपेला दवाखान्यात तुम्हाला कुणी नेलं होतं?"

"माझ्या भावानं," धोंडिबा म्हणाला. "ह्याच्या बापानं. पाठीवर घातलं होतं मला."

म्हादूने हे ऐकले.  माणसे कुजबुजत होती. कुणी म्हणे न्या, कुणी म्हणे नका नेऊ, मांत्रिक म्हणे धागा सोडला तर माझी जबाबदारी नाही. शेवटी म्हादू उठला. त्याने काकाला पाठीवर घेतले आणि रुग्णवाहिकेपर्यंत नेले. पण या सगळ्यात दिवस बुडाला होता.

डॉक्टरांनी जे करता येते ते सगळे केले. रक्त बदलले, यंत्रावर घातले. धोंडिबा चिवट होता. तो आठवडाभर झुंजला. एकदा डोळे उघडून म्हादूला म्हणाला, "तू आणलंस, बरं केलंस." मग त्याची मूत्रपिंडे पूर्ण थांबली आणि तो गेला.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी म्हादूला तोच प्रश्न विचारला, जो ते सगळ्यांना विचारत. "लवकर का नाही आणलंत?"

या वेळी म्हादूने उत्तर दिले. त्याने भिंतीपाशी उभ्या असलेल्या अच्युतकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "त्यांनी आणा म्हणून सांगितलं, म्हणून न्हाई आणलं."

अच्युत त्यानंतर बरीच वर्षे जगला. त्याने जन्मात पुन्हा कुठल्याही बाबतीत खोटे सांगितले नाही. मेदाच्या पापुद्र्यावर विकर कसे फिरते, यावर त्याने पुढेही लिहिले, आणि फसलेला प्रत्येक प्रयोग त्यात सविस्तर मांडला. दूरदूरचे शास्त्रज्ञ त्याच्या प्रामाणिकपणाचे कौतुक करत. पण आंबेघरच्या रस्त्यावर तो 'पाऊस येतोय' असे म्हणाला, तरी लोक आधी आभाळाकडे बघून खात्री करून घेत, आणि मगच छत्री उघडत.

तात्पर्य: जे आपल्याला कळले आहे, ते अडचणीचे असले तरी वेळेवर आणि पूर्ण सांगावे. अर्धे लपवून ठेवणारा पुढे सगळे खरे सांगू लागला, तरी त्याच्यावर विश्वास ठेवायला लोक बांधलेले नसतात, आणि त्या अविश्वासाची किंमत त्याला नव्हे, त्यांनाच मोजावी लागते.